‘आमच्यामागे याचे काय?’ : नाट्य-चित्रपटांतील बौद्धिक अक्षम व्यक्तीच्या घराचा प्रश्न

प्रस्तावना

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींचे पालक महाराष्ट्रात कोठेही एकत्र आले, तरी त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : ‘आमच्यामागे याचे काय?’ मूल लहान असताना उपचार, शाळा, शिकवणे यांत दिवस निघून जातात. शाळेचे वय अठराव्या वर्षाच्या आसपास संपते. पुढे मूल प्रौढ होते, पालक वृद्ध होतात आणि हा प्रश्न घरात कायमचा मुक्कामाला येतो. त्यामागील वेदना खरी आहे. तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र प्रश्नाची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. ‘आमच्यामागे’ या शब्दात काळ पालकांच्या आयुष्यावरून मोजला आहे. ‘याचे’ या शब्दात ज्याच्याविषयी प्रश्न आहे तो तृतीयपुरुषी आहे. तो खोलीत हजर असतो, पण संभाषणात भागीदार नसतो.

मराठी नाटक आणि चित्रपट यांनी या विषयाकडे पाठ फिरवली, असे म्हणता येणार नाही. जयवंत दळवी यांच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीतील आणि ‘नातीगोती’ या नाटकातील कथावस्तू, तिच्यावर आधारित ‘कच्चा लिंबू’ (२०१७) हा प्रसाद ओक दिग्दर्शित चित्रपट आणि संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१) या कलाकृतींना मराठी प्रेक्षकांनी मनापासून दाद दिली. प्रस्तुत लेखात या कलाकृतींचा विचार एका मर्यादित अंगाने केला आहे. बौद्धिक अक्षम व्यक्ती कोठे राहते, कोणाबरोबर राहते आणि ते कोण ठरवते, हे या कलाकृती कसे दाखवतात, एवढाच येथील प्रश्न आहे. तुलनेसाठी ‘रेन मॅन’ (१९८८) हा अमेरिकन आणि ‘बर्फी!’ (२०१२) हा हिंदी चित्रपट घेतला आहे. या दोन्हींत पात्राचा राहण्याचा पत्ता हाच कथानकाचा कणा आहे.

संज्ञा आणि कायद्याची पार्श्वभूमी

‘मतिमंद’ हा शब्द मराठीत दीर्घकाळ रूढ होता व अनेक संस्थांच्या नावांत तो आजही आहे. आता ‘बौद्धिक अक्षमता’ किंवा ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ या संज्ञा वापरल्या जातात. विकासात्मक अक्षमता ही त्याहून व्यापक संज्ञा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी यांसारख्या बालवयातच सुरू होणाऱ्या व आयुष्यभर सोबत राहणाऱ्या अवस्थांचाही तीत समावेश होतो. २०११ च्या जनगणनेत भारतात बौद्धिक अक्षमतेच्या वर्गात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली होती.

१९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी करण्यात आला. त्याच्या उद्दिष्टांत दोन निरनिराळे सूर ऐकू येतात. एका उद्दिष्टानुसार अशा व्यक्तीला आपल्या समाजात, त्याच्या शक्य तितके जवळ राहून, शक्य तितके स्वतंत्र आणि परिपूर्ण आयुष्य जगता यावे. दुसऱ्या उद्दिष्टानुसार पालकाच्या मृत्यूनंतर तिच्या संगोपनाची आणि संरक्षणाची व्यवस्था व्हावी. पहिला सूर त्या व्यक्तीचा आहे, दुसरा पालकांचा.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या दिव्यांगांच्या हक्कविषयक कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या १९ व्या अनुच्छेदाने पहिला सूर ठळक केला. कोठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याची संधी इतरांप्रमाणेच दिव्यांग व्यक्तीलाही असावी, विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती तिच्यावर नसावी, असे हा अनुच्छेद सांगतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात हेच तत्त्व आले आणि तो कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी संबंधित संयुक्त राष्ट्र समितीने १९ व्या अनुच्छेदावर विस्तृत भाष्य प्रसिद्ध केले. त्यातील एक विधान समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शंभराहून अधिक जणांची मोठी संस्था असो, पाच-आठ जणांचे लहान सामूहिक घर असो किंवा एकट्याचे घर असो; तेथे राहणाऱ्याच्या हातात निवड नसेल तर त्या जागेला स्वतंत्र जीवन म्हणता येत नाही, असा त्याचा आशय आहे. घर आणि संस्था यांतील भेद भिंतींवरून किंवा माणसांच्या संख्येवरून ठरत नाही. तो निर्णय कोणाच्या हाती आहे यावरून ठरतो. हा निकष हाती घेऊन उपरोक्त कलाकृतींकडे वळता येईल.

पाळ्यांत वाटलेले घर : ‘नातीगोती’ आणि ‘कच्चा लिंबू’

दळवींच्या कथावस्तूच्या केंद्रस्थानी काटदरे कुटुंब आहे : नोकरी करणारे आईवडील आणि त्यांचा बौद्धिक अक्षम मुलगा बच्चू. ‘कच्चा लिंबू’मध्ये वडील तार कार्यालयात रात्रपाळी करतात आणि आई दिवसा नोकरीला जाते. घरात कोणी तरी सतत बच्चूजवळ असावे म्हणून दोघांनी आपले आयुष्य पाळ्यांत वाटून घेतले आहे. नवरा-बायको एकाच घरात राहतात आणि एकमेकांना जेमतेम भेटतात. दांपत्यजीवनाची ही झीज दळवी ज्या निर्ममतेने दाखवतात, तिला मराठी नाटकात तोड सापडणे कठीण आहे. अपंग मुलाचे आईवडील म्हणजे त्यागाच्या मूर्ती, या सोप्या कल्पनेला हे नाटक थारा देत नाही. चिडणारी, थकणारी, क्वचित मुलाचा वीट येणारी ही माणसे आहेत. मूल वयात येते तेव्हा त्याच्या शरीराचे काय करायचे, हा कुजबुजीतही न बोलला जाणारा प्रश्न दळवींनी उघड्या रंगमंचावर आणला. त्यांचे हे ऋण मान्य करूनच पुढील मुद्दा मांडावयास हवा.

हे घर नीट पाहिले तर ते एक लहानशी संस्था आहे. तेथे पहारा आहे, पाळ्या आहेत, ठरलेला दिनक्रम आहे आणि बाहेरच्या जगाशी कमीत कमी संबंध आहे. वर उल्लेखिलेल्या भाष्याने एकट्याच्या घरालाही संस्था म्हणण्याची शक्यता मोकळी ठेवली, ती या घराला तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच, की संस्थेतील कर्मचाऱ्यांना पाळी संपल्यावर घरी जाता येते. काटदऱ्यांना जायला दुसरे घर नाही. येथे दोषारोपाचा प्रश्न नाही. बाहेरून काहीच आधार नसेल तेव्हा प्रेम करणाऱ्या माणसांनाही पहारेकरी व्हावे लागते, हे सत्य या कथावस्तूत पुरेपूर उतरले आहे. मात्र नाटक ते सत्य नियती म्हणून स्वीकारते. शेजार, शाळा, शासन, अन्य पालक यांपैकी कोणी या पाळ्यांत एक पाळी घेऊ शकेल, ही शक्यता नाटकाच्या क्षितिजावर येत नाही.

‘नातीगोती’ लिहिले गेले त्या काळात तशा सोयी तुरळक होत्या, हे नाटककाराच्या बाजूने म्हणता येईल आणि ते रास्तही आहे. चित्रपटाला ती सवलत पूर्णपणे देता येत नाही. ‘कच्चा लिंबू’ बव्हंशी कृष्णधवल आहे आणि त्याचा काळ तार कार्यालये चालू असण्याचा आहे. देशातील तारसेवा तर २०१३ मध्येच बंद झाली. म्हणजे घरनिवडीचा हक्क देणारा कायदा ज्या वर्षी अमलात आला, त्याच वर्षी प्रदर्शित झालेला हा चित्रपट जाणीवपूर्वक मागे पाहतो. मूळ कथेशी इमान राखण्याचा हेतू त्यामागे असू शकतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अभिनयाच्या, दृश्यरचनेच्या दृष्टीने तो यथार्थही होता. परिणाम मात्र असा झाला, की आजचा प्रेक्षक एक जुने दुःख पाहून हळहळत बाहेर पडला आणि तो प्रश्न आजचाही आहे, हे त्याला चित्रपटाने सांगितले नाही.

चित्रपटाचे शीर्षक मात्र विषयाच्या मर्माला हात घालते. मुलांच्या खेळात अगदी लहान किंवा न जमणाऱ्या मुलाला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेतले जाते. कोठे त्यालाच ‘दूधभात’ म्हणतात. तो खेळात असतो, पळतो, ओरडतो, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. ही वागणूक दुष्टपणाची नाही, उलट मायेची आहे. तरीही तीत एक निवाडा दडलेला आहे : याच्या खेळण्याने खेळाच्या निकालात फरक पडत नाही. बच्चूचे कुटुंबातील स्थान नेमके हेच आहे. सगळे घर त्याच्याभोवती फिरते, परंतु घराच्या एकाही निर्णयात त्याची गणना नाही. आईवडिलांच्या मनात काय चालले आहे हे प्रेक्षकाला कळते. बच्चूला दिवस कोणाबरोबर घालवायला आवडेल, हे मात्र कोणी विचारत नाही, लेखकही नाही.

शेजाराची मर्यादा : ‘चौकट राजा’

‘नातीगोती’त दिलीप प्रभावळकर यांनी वडिलांची भूमिका केली होती आणि बच्चू अतुल परचुरे यांनी साकारला होता. ‘चौकट राजा’त प्रभावळकर स्वतः नंदू झाले. एकाच नटाने पालक आणि पाल्य या दोन्ही बाजू उभ्या कराव्यात, हा योगायोग अभ्यासकाला उपयुक्त आहे. नंदूच्या भूमिकेत त्यांनी नक्कल टाळली. नंदू हसतो, रुसतो, ओळख विसरत नाही. बालपणीच्या अपघाताने त्याची बौद्धिक वाढ खुंटली आहे. आई (सुलभा देशपांडे) त्याला सांभाळते. बालमैत्रीण मीनल (स्मिता तळवलकर) संसार घेऊन जवळच राहायला येते तेव्हा जुने नाते पुन्हा जागे होते आणि मीनलच्या नवऱ्याच्या मनात अस्वस्थता निर्माण होते.

‘नातीगोती’च्या तुलनेत या चित्रपटाचे एक पाऊल पुढे आहे. नंदूचे जग चार भिंतींत संपत नाही. त्याला वस्ती आहे, अशोक सराफ यांनी रंगवलेला गणासारखा सवंगडी आहे, मैत्रीण आहे. समाजात राहणे म्हणजे काय याचे एक कच्चे चित्र येथे दिसते : ओळखीची गल्ली, नावाने हाक मारणारी माणसे, रोज जाण्याची ठिकाणे. आजच्या परिभाषेत ज्याला सामाजिक आधार म्हणतात, तो येथे कोणत्याही योजनेविना उभा आहे.

परंतु हा आधार सर्वस्वी व्यक्तींच्या चांगुलपणावर टेकलेला आहे. गणा चांगला आहे म्हणून नंदूला सोबत आहे. मीनलला जुन्या अपघाताची बोच आहे म्हणून तिचे मन ओढ घेते. नवऱ्याचे मन निवळेल तर तिच्या घराचे दार उघडेल. चांगुलपणा ही मोलाची गोष्ट आहे, पण ती बदली होऊन दुसऱ्या गावी जाऊ शकते, आजारी पडू शकते, दमू शकते. हक्काला हे प्रसंग येत नाहीत. चित्रपटाचा भावनिक ताण ‘मीनल काय करील’ आणि ‘तिचा नवरा काय करील’ या प्रश्नांवर उभा राहतो. नंदूच्या प्रेमळपणाची परीक्षा पाहूनच त्याला जागा मिळते. ज्या बौद्धिक अक्षम माणसाचे हसू इतके निर्मळ नाही, जो आरडाओरडा करतो, अंगावर धावतो, त्याला कोणत्या मीनलच्या दारात उभे राहता येईल? ‘चौकट’ हा शब्द पत्त्यांत असतो तसाच दारालाही असतो. हा राजा दुसऱ्याच्या दाराच्या चौकटीत उभा आहे. त्याचे स्वतःचे दार चित्रपटात नाही.

पत्ता, पैसा आणि निवड : ‘रेन मॅन’ व ‘बर्फी!’

मराठी कलाकृतींत संस्था जवळजवळ अदृश्य आहे. बॅरी लेव्हिन्सन दिग्दर्शित ‘रेन मॅन’मध्ये ती प्रारंभबिंदू आहे. स्वमग्न रेमंड अनेक वर्षे वॉलब्रुक नावाच्या संस्थेत राहत आहे. वडिलांची तीस लाख डॉलरची मालमत्ता त्याच्यासाठी न्यासात ठेवली गेल्याचे कळल्यावर धाकटा भाऊ चार्ली त्याला तेथून घेऊन निघतो. प्रवासात स्वार्थाचे रूपांतर मायेत होते, हे सर्वपरिचित आहे. येथे महत्त्वाचा आहे तो शेवटचा प्रसंग. रेमंडला डॉक्टर विचारतात, की भावाबरोबर राहायचे आहे की वॉलब्रुकला परत जायचे आहे. तो दोन्हींना होकार देतो. यावरून त्याला निवड करता येत नाही असा निष्कर्ष निघतो आणि तो रेल्वेने संस्थेत परततो.

या प्रसंगाचे वाचन उलटही करता येते. दोन्ही हव्या असलेल्या गोष्टींना माणसाने होकार दिला, तर दोष उत्तरात नाही, प्रश्नात आहे. भाऊही हवा आणि ओळखीची खोली, ठरलेले जेवण, सवयीची माणसेही हवीत, असे रेमंड सांगत होता. भावाच्या शहरात एक लहान घर, तेथे सोबतीला प्रशिक्षित माणूस आणि आठवड्याला भावाची भेट, अशी तिसरी शक्यता कोणी त्याच्यासमोर ठेवलीच नाही. ती कल्पनेतली होती असेही नाही. विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तींना आपल्या समाजातच सेवा मिळाव्यात यासाठी कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये लॅंटरमन कायद्याने पाऊल उचलले होते, आणि चार्ली त्याच राज्यात राहत होता. न्यू यॉर्कमधील विलोब्रुक या संस्थेतील भीषण स्थिती १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवरून उघड झाली; १९८७ मध्ये, म्हणजे ‘रेन मॅन’च्या आदल्या वर्षी, ती संस्था बंदही झाली. पुढे १९९९ मध्ये ओल्मस्टेड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव ठरवला. म्हणजे समाज तिसऱ्या पत्त्याकडे निघाला होता आणि चित्रपट मात्र दोनच पत्ते मोजत होता.

अनुराग बासू यांच्या ‘बर्फी!’मध्येही न्यास आहे, पैसा आहे आणि तो हडपण्याचा डाव आहे. आजोबांनी ठेवलेल्या पैशासाठी स्वमग्न झिलमिलच्या वडिलांनीच तिच्या अपहरणाचा बनाव रचलेला असतो. आईवडिलांचे घर हेच सर्वात सुरक्षित स्थान, या गृहीतकाला येथे तडा जातो. झिलमिल ‘मुस्कान’ या संस्थेत अधिक रमते, आणि बर्फीशी तिचे लग्नही तेथेच लागते. एकाच प्रकारच्या वास्तूला दोन चित्रपटांत दोन अर्थ आले आहेत. रेमंडला वॉलब्रुकमध्ये पाठवले जाते. झिलमिल ‘मुस्कान’ला ओढीने जाते. घर आणि संस्था यांतील भेद निवडीवरून ठरतो, या निकषाची याहून स्पष्ट साक्ष मिळणे कठीण. ‘बर्फी!’चा परीकथेचा बाज आणि त्यातील वास्तवाचे सुलभीकरण मान्य करूनही, बौद्धिक वा विकासात्मक अक्षम स्त्रीला स्वतःचा जोडीदार निवडण्याइतकी इच्छाशक्ती त्याने दिली, ही गोष्ट नोंदवली पाहिजे.

न दिसणाऱ्या मुली

ही नोंद मराठी कलाकृतींतील एका उणिवेकडे घेऊन जाते. बच्चू आणि नंदू दोघेही पुरुष आहेत. मुलगी केंद्रस्थानी असती तर घराच्या प्रश्नाचे रूप बदलले असते. मुलाच्या लैंगिकतेची भीती घराला वाटते. मुलीच्या बाबतीत भीती बाहेरच्या जगाची असते आणि तिची किंमत मुलीचे शरीर मोजते. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील बौद्धिक अक्षम मुलींच्या शासकीय वसतिगृहातील काही मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता त्यांना जमत नाही, हे समर्थन देण्यात आले. स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मुलींना शिकवायला आणि मदत करायला माणसे नेमण्याऐवजी त्यांचे शरीर व्यवस्थेच्या सोयीचे करणे, हा त्या घटनेचा अर्थ होता. २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात, शासकीय संस्थेत राहणाऱ्या सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भ तिच्या संमतीविना पाडता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तिची इच्छा मोजली गेली. शिरूर ते चंदीगड हा पंधरा वर्षांचा प्रवास नाट्यमयतेने भरलेला आहे. ज्या मराठी रंगभूमीने बच्चूच्या शरीराविषयी बोलण्याचे धैर्य दाखवले, तिची मुख्य वाट मात्र या मुलींच्या दारावरून गेली नाही.

रंगमंचाबाहेरची घरे

कलाकृतींत न आलेली तिसरी शक्यता महाराष्ट्राच्या भूमीवर प्रत्यक्षात उभी राहिली आहे. मुळशी तालुक्यात कोळवण येथे १९९४ मध्ये ‘साधना व्हिलेज’ सुरू झाले. बौद्धिक अक्षम प्रौढांना तेथे ‘विशेष मित्र’ म्हटले जाते. ते लहान लहान गटांत, घरासारखे घर करून, सोबत राहणाऱ्या कार्यकर्त्यांसह राहतात आणि आपल्या परीने कामात हातभार लावतात. बदलापूरची ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळ खोणी येथील अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ ही पालकांनी एकत्र येऊन उभी केलेली निवासस्थाने आहेत. ‘आमच्यामागे याचे काय?’ या प्रश्नावर रडत न बसता जमीन शोधणे, पैसे उभे करणे, माणसे टिकवणे ही कामे मध्यमवर्गीय, नोकरदार पालकांनी केली. मराठी पांढरपेशा समाजाच्या अलीकडच्या इतिहासातील हे एक मोठे सामूहिक कर्तृत्व आहे आणि त्यावर कादंबरी लिहिली जावी इतका संघर्ष त्यात आहे.

ज्यांना पालकच नाहीत त्यांचा प्रश्न वेगळा आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही त्यांची जुनी मागणी आहे. या मागणीत व्यवस्थेचे एक व्यंग उघडे पडते. बालगृहाबाहेर प्रौढासाठी घर नाही, म्हणून प्रौढाला बालगृहातच ठेवावे लागते. कागदावर तो मोठा होतो. पत्त्यावर तो मूलच राहतो.

या प्रयत्नांचे मोल मान्य करताना समीक्षकाने आपला निकष येथेही खाली ठेवता कामा नये. पालकांनी बांधलेले घर प्रथम पालकांच्या प्रश्नाचे उत्तर असते. ते राहणाऱ्याच्या प्रश्नाचेही उत्तर आहे का, हे काही साध्या गोष्टींवरून कळते. खोलीतला सोबती त्याने निवडला आहे का? भूक नसेल तर जेवणाची वेळ त्याला टाळता येते का? कपाटाची किल्ली कोणाकडे असते? पाहुणा आला तर दार कोण उघडतो? त्याला तेथून जावेसे वाटले, तर जायला दुसरी जागा आहे का? शिवाय ठेव भरू शकणाऱ्या कुटुंबांची संख्या मर्यादित आहे. शेतमजुराच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलासाठी हा मार्ग बहुधा बंदच असतो. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही सामूहिक निवासाची योजना आणि ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना यांचे स्वागत करताना, आपल्याच घरात किंवा आपल्याच गावात राहू इच्छिणाऱ्याला रोज काही तास मदतनीस मिळण्याची तरतूद दुबळी आहे, हे विसरता येत नाही. काटदरे कुटुंबाला मोठी इमारत नको होती. आठवड्यातून काही पाळ्या घेणारा एक विश्वासू माणूस हवा होता.

समारोप

कलाकृती ही कल्याणयोजना नसते. शोकांतिकेने उपाय सुचवावा अशी अपेक्षा करणे अनाठायी आहे, असा आक्षेप या विवेचनावर घेता येईल. तो अंशतः खरा आहे. दळवींनी पुनर्वसनाचा आराखडा द्यायला हवा होता, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न उपायाचा नाही, दृष्टिकोनाचा आहे. ज्या नाटककाराने बापाच्या मनातले अनुच्चारित विचार वाचले, त्याला मुलाच्या मनातील एखादी पसंती-नापसंती वाचता आली असती. ती वाचली गेली नाही, कारण अशा माणसाला पसंती असू शकते हे त्या काळाने, आणि बऱ्याच अंशी आजच्याही काळाने, मानलेले नाही. समाजाने ज्याला निवड दिली नाही, त्याला कथेनेही इच्छा दिली नाही. आणि कथेत इच्छा दिसली नाही म्हणून समाजालाही निवड देण्याची निकड वाटली नाही. कला आणि व्यवस्था यांची ही परस्परपूरक उदासीनता मोडण्याचे काम कलेपासूनही सुरू होऊ शकते.

उपरोक्त कलाकृतींत बौद्धिक अक्षम व्यक्तीला दोनच पत्ते उपलब्ध होतात : नात्यातल्या माणसाचे घर किंवा संस्था. पहिला माणसाच्या आयुष्याएवढाच टिकतो. दुसऱ्यात टिकाऊपणा असतो, पण स्वत्वाची हमी नसते. कोळवण, बदलापूर, खोणी आणि वझ्झर येथील माणसांनी तिसऱ्या पत्त्याचा शोध आपापल्या परीने चालवला आहे. त्यांच्या वाटेतील त्रुटी हा त्या शोधाचाच भाग आहे. मराठी नाटक, चित्रपट आणि कादंबरी या शोधात उतरतील तेव्हा त्यांना नवे नाट्य हाती लागेल : दोन प्रौढ मित्रांनी एकत्र राहण्याचा हट्ट, आपल्या खोलीला रंग कोणता द्यायचा यावरून झालेले भांडण, म्हाताऱ्या आईला ‘आता तू जा, मी येथे राहतो’ असे सांगणारा मुलगा आणि ते ऐकून सुटकेबरोबरच दुखावलेली आई. तेथे ‘आमच्यामागे याचे काय?’ हा प्रश्न नाहीसा होणार नाही. फक्त त्याच्या शेजारी ‘तुला कोठे राहायचे आहे?’ हा द्वितीयपुरुषी प्रश्न उभा राहील, आणि त्याचे उत्तर ऐकण्यासाठी थांबावे लागेल. खेळात ज्याला आजवर कच्चं लिंबू म्हणून घेतले, त्याच्यावर राज्य येण्याची वेळ ती हीच.